रेनेसाँ फेअरमध्ये हॅम्लेटची वाट कशी लावायची: २५ मिनिटं, ३ माणसं, १ टोपी

अमेरिकेत राहणाऱ्या बऱ्याच मराठी लोकांनी रेनेसाँ फेअर, म्हणजे राजाराणीच्या काळातलं जुनं युरोप उभं करणारी जत्रा, एकदा तरी बघितलेली असते. पोरांना घेऊन जायचं, घोड्यावरची भालेबाजी बघायची, टर्कीची तंगडी हातात धरून फोटो काढायचा आणि संध्याकाळी पाय दुखत घरी यायचं. तिथे कोपऱ्याकोपऱ्यात लाकडी स्टेजवर तीन-चार येडे लोक मोठमोठ्या शोकांतिकांचा चेंदामेंदा करत असतात ना, त्यातला एक येडा मी. सहावा सीझन चालू आहे आणि "आम्हाला पण असं काहीतरी करायचंय, सुरुवात कुठून करू" असं विचारणारे इतके झालेत की म्हटलं एकदाच सगळं लिहून काढतो, म्हणजे प्रत्येकाला तासभर फोनवर सांगत बसायला नको.

थोडं बॅकग्राउंड देतो कारण त्याचा पुढे उपयोग आहे. ही जत्रेची भानगड १९६३ मध्ये लॉस एंजेलिसकडे सुरू झाली, फिलिस आणि रॉन पॅटरसन या नवराबायकोने केपीएफके नावाच्या रेडिओ स्टेशनला पैसे जमवून द्यायला म्हणून केली होती. मग मिनेसोटा, टेक्सस, मेरीलँड असं करत ती देशभर पसरली. आणि क्लासिक नाटकाची टिंगल हा प्रकार तर याच मातीतला आहे. १९८१ साली डॅनियल सिंगरने कॅलिफोर्नियातल्या फेअरमध्ये हॅम्लेट अर्ध्या तासाच्या आत बसवून टोपी फिरवायला (म्हणजे शोनंतर लोकांकडून टोपीत पैसे गोळा करायला) सुरुवात केली, त्यातून रिड्यूस्ड शेक्सपिअर कंपनी निघाली, १९८७ मध्ये ते स्कॉटलंडमधल्या एडिंबरा फ्रिंज या नाट्यमहोत्सवाला गेले आणि नंतर लंडनच्या क्रायटेरियन थिएटरात नऊ वर्षं ठाण मांडून बसले. पेन आणि टेलर हे जादूवाले पण १९७५ मध्ये मिनेसोटाच्या फेअरमध्ये एकत्र आले होते. तेव्हा धुळीतला स्टेज म्हणून नाक मुरडू नका. फक्त एक, रिड्यूस्ड शेक्सपिअरवाल्यांची स्क्रिप्ट उचलून करायची नाही, तिला लायसन्स लागतं आणि तिथल्या सगळ्यांना ती पाठ असते, लगेच पकडले जाल. शेक्सपिअर स्वतः फुकट आहे. ग्रीक नाटककार सॉफोक्लीस, फ्रेंच नाटककार मोलिएरसुद्धा फुकट, पण त्यांचं अलीकडचं इंग्रजी भाषांतर फुकट नाही, ते भाषांतरकाराचं असतं. जुनं भाषांतर घ्या, अमेरिकेत प्रकाशित होऊन ९५ वर्षं उलटलेलं, किंवा सरळ आपल्या शब्दांत लिहा.

नाटक निवडताना एकच टेस्ट लावा: रस्त्याने जाणाऱ्या माणसाला त्यातलं एक तरी चित्र माहीत आहे का? हातात कवटी, बाल्कनीतली पोरगी, तीन चेटकिणी आणि कढई, स्वतःचे डोळे फोडणारा राजा. चित्र माहीत असलं की पुरे, गोष्ट तुम्ही सांगणारच आहात. आम्ही पहिल्या वर्षी शेक्सपिअरचं टायटस अँड्रॉनिकस केलं होतं, त्यात आईला तिच्याच पोरांचा पाय, म्हणजे सारण भरून भाजतात तो पाय, करून वाढतात, आम्हाला वाटलं याच्याइतकं विनोदी काय असणार. पण लोकांना नाटकच माहीत नव्हतं त्यामुळे ते बिचारे खरंच घाबरून बघत राहिले, एक बाई मुलाचे डोळे झाकून उठून गेल्या. दुसऱ्या वर्षी गपगुमान हॅम्लेट.

आता मुद्द्याचं. पॅरडी म्हणजे नाटकाची थट्टा करायची असं बहुतेक नवीन लोकांना वाटतं आणि मग स्टेजवर सगळे डोळे मिचकावत, तोंड वेडंवाकडं करत फिरतात. दोन मिनिटांत कंटाळा येतो बघा. जे चालतं ते वेगळंच आहे: स्टेजवरच्या तिघांना हॅम्लेट मनापासून, जीव तोडून करायचंय आणि ते त्यांना जमत नाहीये. माणसं कमी पडतायत, वेळ कमी पडतोय, भूत व्हायला ज्याला सांगितलंय त्याला भुताची भीती वाटते. हसू त्या धडपडीला येतं. शेक्सपिअरने हे स्वतःच दाखवून ठेवलंय, मिडसमर नाइट्स ड्रीमच्या शेवटी बॉटम विणकर आणि त्याचे कारागीर मित्र पिरॅमस आणि थिस्बीची शोकांतिका करतात, त्यात एक जण चक्क भिंत होऊन उभा राहतो आणि बोटांची फट करून म्हणतो हे भिंतीचं भोक. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा हसू असेल तर सीन मेला. त्याला भिंत म्हणून अभिमान वाटला पाहिजे.

म्हणून तालमीत आमचा नियम असा की पहिले चार-पाच दिवस विनोद करायचाच नाही. खरं नाटक खऱ्यासारखं वाचायचं. मग त्याच्या घटना एका कागदावर लिहायच्या, एका ओळीत एक. हॅम्लेट पूर्ण केलं तर चार तास घेतं, साधारण चार हजार ओळी आहेत, पण घटना म्हणून बघाल तर दहा-बारा निघतात: बाप मेला, आईने काकाशी लग्न केलं, भूत आलं, भूत म्हणालं काकानेच मारलं, पोराने वेडाचं सोंग घेतलं, नाटकातलं नाटक, पडद्यामागचा म्हातारा चुकून मेला, त्याची प्रेयसी ओफिलिया वेडी होऊन बुडाली, कबर-कवटी, तलवारबाजी, सगळे मेले. २५ मिनिटं भागिले इतक्या घटना, म्हणजे एकेकीला दोन-सव्वादोन मिनिटं. आता यातल्या तीन घटना लांबवायच्या आणि बाकीच्या पळवायच्या. सगळ्यांना सारखा वेळ दिला की शो सपाट होतो. आम्ही भूत, नाटकातलं नाटक आणि शेवट लांबवतो. मध्ये काका हॅम्लेटला इंग्लंडला धाडतो, ती अख्खी बोटसफर एका वाक्यात, "जाऊन आलो", आणि टोपीवरचं समुद्राचं पाणी झटकायचं, झालं.

एक सीन जरा जवळून दाखवतो. हॅम्लेटमध्ये एकूण आठ जण मरतात (बाप धरला नाही, तो आधीच मेलेला), आणि त्यातले चार शेवटच्या प्रवेशात, प्रेक्षकांसमोर: आई गर्ट्रूड विष पिऊन, ओफिलियाचा भाऊ लेअर्टीज विषारी तलवारीने, काका क्लॉडियस तलवार आणि विष दोन्हीने आणि मग हॅम्लेट. आम्ही तिघं. चार भागिले तीन जात नाही, इथेच गंमत. पहिल्यांदा आम्ही क्लॉडियस आणि गर्ट्रूड एकाच नटाला दिले, अर्धं अंग राजा अर्धं राणी, डावीकडे वळला की मुकुट उजवीकडे वळला की ओढणी. वाचताना आम्ही लोळून हसलो. स्टेजवर मात्र सपाट पडलं, कारण मागच्या बाकांवरून कोण मेलं तेच कळत नव्हतं. मग तिसऱ्या शोला चिडून आमच्यातल्या एकाने खाली उतरून तिसऱ्या बाकावरच्या दाढीवाल्या, चांगल्या दोन मण वजनाच्या काकांना हाताला धरून वर आणलं, डोक्यावर ओढणी टाकली, हातात पेला दिला आणि कानात सांगितलं, मी 'पिऊ नकोस' म्हणालो की प्यायचं आणि मरायचं. काकांनी जे मरण दिलंय! एक मिनिट मरत होते. तेव्हापासून गर्ट्रूड कायम पब्लिकमधून.

तीन माणसांत अख्खं नाटक म्हणजे काही चीटिंग नाही बरं का, ग्रीक शोकांतिकेत सॉफोक्लीसच्या काळी बोलणारे नट तीनच असायचे, मुखवटे बदलून सगळी पात्रं तेच करायचे. आम्ही मुखवट्याऐवजी टोप्या वापरतो. एका पात्राला एक टोपी आणि एक आवाज आणि एक उभं राहायची पद्धत, तिन्ही पाहिजेत, कारण टोपी वाऱ्याने उडते. कपडे बदलायचे असतील तर वेल्क्रो लावा, जुन्या काळातल्यासारख्या दोऱ्या बांधत बसलात तर पुढचा प्रवेश पण संपेल. वेल्क्रोचा तो चर्र आवाज येतो ना, तो लपवू नका, त्याच्याकडे आदराने बघा.

भाषेचं थोडं. फेअरमध्ये सगळे जुनं इंग्रजी बोलल्यासारखं करतात आणि नव्वद टक्के चुकीचं बोलतात, "आय हॅथ" वगैरे. "हॅथ" फक्त तिसऱ्या माणसासाठी, ही हॅथ, शी हॅथ. आणि "दाऊ" हे फार मोठं आदराचं असं अमेरिकन लोकांना वाटतं, जुन्या पुस्तकातलं म्हणून. ते आपलं 'तू' आहे! 'यू' म्हणजे 'तुम्ही'. आपल्याला हे सांगावं सुद्धा लागत नाही, आपण दिवसभर तेच करतो, कोणाला तू म्हणायचं आणि कोणाला नाही यावरून घराघरात भांडणं झालेली आहेत. हॅम्लेटच्या आईच्या खोलीतला सीन बघा, आई म्हणते तू तुझ्या बापाला (म्हणजे आता काकाला) दुखावलंस, 'दाऊ' वापरते, आणि हा उलट उत्तर देतो 'यू' वापरून, आई, तुम्ही माझ्या बापाला दुखावलंत. एकदम परकं. मराठी माणसाला त्या 'तुम्ही'तला थंडपणा लगेच कळतो. आम्ही तिथे एक क्षण थांबतो, तिसरा नट विंगेतून "ऊऽऽऽ" करतो आणि हमखास टाळी येते, आणि ज्यांना दाऊ-यू कळत नाही ते त्या "ऊऽऽऽ"ला हसतात. प्रत्येक विनोद असा दोन मजली असला पाहिजे. वरचा मजला नाटक माहीत असणाऱ्यांना, खालचा आठ वर्षांच्या पोराला. चावट जोक पण याच हिशोबाने लिहायचे, पोराला कळता कामा नये आणि बापाला कळलंय हे बापाने कबूल करता कामा नये. आपल्या बतावणीत हे सगळं होतंच की.

फेअर कोणत्या सालात घडतेय तेही विचारून ठेवा. विस्कॉन्सिनमधल्या ब्रिस्टल फेअरमध्ये साल १५७४ असतं, राणी एलिझाबेथ गावात आलेली असते. म्हणजे शेक्सपिअर दहा वर्षांचा! मेरीलँडला आठवा हेन्री राजा, तिथे तर शेक्सपिअर जन्मलेलाच नाही. यावर दोन मिनिटांचं ओपनिंग आयतं मिळतं, "हे नाटक अजून लिहिलेलं नाही, त्यामुळे ओळी विसरलो तर आमचा दोष नाही."

आता गर्दी. थिएटरात माणूस तिकीट काढून येतो आणि अंधारात गपचूप बसतो. इथे तो फुकट चाललाय, हातात खाणं आहे, कडेवर पोर आहे आणि बाजूच्याच स्टेजवर कोणीतरी आग गिळतोय. त्याला थांबवायचं काम शोच्या दहा मिनिटं आधी सुरू होतं. आम्ही गल्लीत जाऊन मरतो. खरंच, एक जण रस्त्यात पोटात तलवार खुपसून घेतो आणि दुसरा लोकांना विचारत फिरतो की बरं मेलाय का, दहापैकी किती. लोक नंबर देतात, नंबर दिला की माणूस अडकला. मग त्यांना सांगायचं की स्टेजवर याच्याहून बरे मरणार आहोत. बसताना सगळे मागे बसतात, सावलीत. त्यांना पुढे ओढा, लाजू नका, पुढचे तीन बाक रिकामे ठेवून शो सुरू केला तर हसणं पांगतं, खांद्याला खांदा लागला की हसू लागतं. ऊन कुठून येतंय तेही आदल्या दिवशी बघून ठेवा, पब्लिकच्या डोळ्यात ऊन गेलं तर पाच मिनिटांत उठतात, तुमच्या डोळ्यात गेलं तर चालतं, तुम्ही नट आहात. आणि प्रोग्रॅममध्ये भालेबाजीची वेळ बघा. त्या वेळी तुमचा शो असेल तर अर्धे लोक मधूनच उठणार, ते गृहीत धरून त्या शोचा शेवट पाच मिनिटं अलीकडे आणा, नाहीतर टोपी फिरवायला कोणी उरणारच नाही.

मधूनच बॅगपाइपवाले जातात. तोफ उडते. राणीची मिरवणूक येते. यांच्यावर ओरडून संवाद म्हणायचा प्रयत्न करू नका, गळा जातो आणि दिवसाचे चार-पाच शो असतात. थांबा, टोपी काढा, मिरवणुकीला मुजरा करा, आणि गेली की "तर मी काय म्हणत होतो, मरावं की जगावं" म्हणून तिथूनच उचला. आमच्या अख्ख्या स्क्रिप्टमध्ये यापेक्षा मोठा लाफ्टर नाही आणि तो आम्ही लिहिलेला नाही. लाफ्टर आला की बोलायचं नाही, तो चढू द्यायचा, उतरायला लागला की पुढचं वाक्य टाकायचं. पूर्ण शांत होईपर्यंत थांबलात तर गाडी थंड पडते.

पब्लिकमधून माणूस निवडताना जो हात वर करून नाचतोय त्याला घेऊ नका, तो तुमचा शो पळवेल. जो खाली बघतोय त्यालाही नको, त्याचा छळ होतो आणि पब्लिक तुमच्यावर उखडतं. जो मनापासून हसतोय, बायको ज्याला कोपर मारतेय, तो. आधी विचारा, अंगाला हात लावायच्या आधी तर नक्कीच विचारा, आणि काम एकच द्या. वर आलेला माणूस शेवटी हिरो झाला पाहिजे, चेष्टा आपली व्हायला हवी, त्याची नाही. हे एकदा मोडलं की पब्लिक परत तुमचं होत नाही.

तलवारी. बोथट असल्या तरी लोखंड ते लोखंड. रोज पहिल्या शोच्या आधी फाइट अर्ध्या स्पीडमध्ये दोनदा करायची, कितीही वेळा केलेली असली तरी, आणि वार कधीही चेहऱ्याच्या रेषेत नको. स्टेजवरची तलवारबाजी शिकलेल्या माणसाकडून बसवून घ्या, यूट्यूब बघून नको. माझं स्वतःचं मत विचाराल तर पॅरडीला तलवारीपेक्षा स्लॅपस्टिक जास्त शोभते. ती कॉमेडिया देल आर्ते या जुन्या इटालियन विनोदी नाटकवाल्यांची लाकडी फळी, दोन पट्ट्या मुठीपाशी जोडलेल्या, हलकी मारली तरी फाट्कन आवाज येतो आणि लागत काहीच नाही. विनोदाच्या त्या प्रकाराला नावच या फळीवरून पडलंय. सुताराकडे एक तास घालवला की घरी बनते.

कपड्यांबद्दल एवढंच की पॉलिस्टरचं मखमल ऑगस्टमध्ये घालू नका, सुती किंवा लिननचं घ्या, आत एक्स्ट्रा सुती शर्ट आणि प्रत्येक शोनंतर तो बदला. पाणी मडक्यात किंवा चामड्याच्या कव्हरात लपवा, पण प्या. आमचा लेअर्टीज एकदा मेला तो टाळ्या संपल्या तरी उठेना, आम्हाला वाटलं ओव्हरअ‍ॅक्टिंग. उन्हाने चक्कर आली होती.

टोपी. याच्यावर सगळं चालतं म्हणून यावर स्क्रिप्टइतकीच मेहनत घ्या. काही फेअर ठरावीक पैसे देतात, काही थोडे देतात आणि बाकी टोपी, काही फक्त टोपी. टोपीचं भाषण शो संपल्यावर करायचं नाही, टाळ्या संपेपर्यंत लोक उठलेले असतात. ते शेवटच्या मोठ्या सीनच्या आधी करायचं. आमचा हॅम्लेट तलवार उपसतो, थांबतो, आणि पब्लिककडे वळून म्हणतो, "आता आम्ही सगळे मरणार, म्हणून हिशोबाचं आत्ताच बोलून घेऊ." मग सरळ आकडा सांगायचा, आम्ही माणशी पाच डॉलर सांगतो, नसतील तर टाळी चालते तेही सांगतो. मोघम बोललात तर एक-एकच्या नोटा पडतात. आजकाल कॅश कोणाकडे नसते म्हणून क्यूआर कोड हवाच, आम्ही तो यॉरिकच्या, म्हणजे कबरीच्या सीनमधल्या त्या कवटीच्या कपाळावर चिकटवलाय. मेलेल्यांनी लगेच उठून दोन्ही बाहेरच्या वाटांवर टोप्या घेऊन उभं राहायचं, घाम पुसत, डोळ्यात बघून थँक्यू म्हणत. टोपीत आधीच दोन-तीन मोठ्या नोटा टाकून ठेवायच्या, हे सगळेच करतात.

कागदपत्रांचं कंटाळवाणं पण महत्त्वाचं. फेअरच्या एंटरटेनमेंट डायरेक्टरला सीझन संपल्या संपल्या, थंडीतच मेल करा, उन्हाळ्यात जागा भरलेल्या असतात. सोबत एडिट न केलेला व्हिडिओ पाठवा, खऱ्या पब्लिकसमोरचा, हसण्याच्या आवाजासकट. स्वतःचा ग्रुप नसेल तर आधी फेअरच्या हाउस कास्टच्या (म्हणजे फेअरच्या स्वतःच्या नटांच्या) ऑडिशनला जा, एक सीझन गल्लीत फिरून जे शिकाल ते घरी तालमीत येत नाही. बऱ्याच ठिकाणी लायबिलिटी इन्शुरन्स मागतात. टोपीतले पैसे उत्पन्न धरले जातात, खर्च वजा जाता वर्षाला ४०० डॉलर किंवा जास्त झाले तर सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स भरावा लागतो. आणि आपल्यातल्या अनेकांसाठी खास: एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर ज्या कंपनीने पिटिशन केलंय तिच्याकडेच काम करता येतं, टोपीत हात घालायच्या आधी इमिग्रेशन वकिलाशी बोला. मी ग्रीन कार्ड येईपर्यंत पब्लिकमध्ये बसून टाळ्याच वाजवत होतो.

शेवटचं, पावसाचा दिवस. चिखल झालाय, फेअर रिकामी आहे आणि तुमच्या समोर बाकांवर मोजून चार माणसं. नवीन ग्रुप अशा वेळी अर्ध्या मनाने पाट्या टाकतो किंवा शो कॅन्सल करतो. करू नका. चौघांना पहिल्या बाकावर आणा, नावं विचारा, स्टेजवर घ्या आणि सगळ्यांना भूमिका वाटून टाका. शेवटच्या प्रवेशात मरायला बरोबर चारच जण लागतात.